हातात मावणारा जीपीएस : खरेदीच्या प्रश्नांचा इतिहास

गिरिभ्रमण मंडळ चालवणारे शिक्षक आम्हाला अधूनमधून एक प्रश्न विचारतात. मंडळासाठी हातात धरायचा जीपीएस संच घ्यायचा आहे, तर कोणता घ्यावा? शिडाच्या होडीतून किनाऱ्याकिनाऱ्याने सफरी करणारी मंडळीही हेच विचारतात. त्यांच्याजवळ माहितीपत्रके असतात. त्यांत चॅनलांची संख्या, अचूकता, अँटेनाचा प्रकार, डेटमची यादी, पाण्यापासून संरक्षण, सेल किती तास चालतात, असे रकाने असतात. दोन संचांचे रकाने शेजारी ठेवले की निवड आणखीच अवघड होते.

या रकान्यांकडे इतिहासाच्या अंगाने पाहावे असे आम्ही सुचवतो. माहितीपत्रकातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या तरी जुन्या अडचणीतून आलेली आहे. ती अडचण कळली की ओळ वाचता येते. आणि ज्या एका गोष्टीमुळे माणसे खरोखर संकटात सापडली, तिच्यासाठी माहितीपत्रकात बहुधा ओळच नसते. तिच्यापर्यंत आपण पोहोचणारच आहोत.

प्रश्न उलटा केला तेव्हा

४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने स्पुतनिक सोडला. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वाइफेनबाख हे दोन तरुण शास्त्रज्ञ त्याचा संकेत ऐकत बसले. जवळ येणाऱ्या आगगाडीच्या शिटीचा स्वर चढा लागतो आणि ती पुढे निघून गेली की उतरतो, हा डॉपलर परिणाम आपण वर्गात शिकवतो. स्पुतनिकच्या संकेताची वारंवारता अशीच बदलत होती. त्या बदलावरून या दोघांनी उपग्रहाची कक्षा काढली. पुढच्या वर्षी त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी प्रश्न उलटा करून विचारला : आपली जागा माहीत असताना उपग्रहाची कक्षा काढता येते, तर कक्षा माहीत असताना आपली जागा का काढता येऊ नये?

यातून 'ट्रान्झिट' ही पहिली उपग्रह-मार्गदर्शन व्यवस्था उभी राहिली. पाणबुड्यांसाठी ती १९६४ पासून वापरात आली आणि १९६७ साली नागरी जहाजांनाही खुली झाली. तिचे दोन दोष होते. एक, उपग्रह डोक्यावरून जाईपर्यंत थांबावे लागे. हे थांबणे तासभराचे, कधी त्याहूनही जास्त. दुसरा दोष असा की डॉपलरच्या मोजणीत जहाजाचा स्वतःचा वेगही मिसळतो, त्यामुळे वेगाचा अंदाज चुकला की जागाही चुके. पाणबुडीचे एवढ्यावर भागत असे. विमानाचे भागणे शक्य नव्हते. चालणाऱ्या माणसाच्या हातात देण्याजोगे तर त्यात काहीच नव्हते.

म्हणून १९७३ साली अमेरिकी हवाई दलातील कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी योजना आखली. तीत नौदलातील रॉजर ईस्टन यांच्या 'टिमेशन' प्रकल्पातील कल्पनाही आल्या. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर उपग्रह फिरवायचे, प्रत्येकात अणुघड्याळ ठेवायचे आणि 'मी अमुक ठिकाणी आहे, आता इतके वाजले आहेत' असे त्याने सतत सांगत राहायचे. संकेत किती उशिरा पोहोचला यावरून उपग्रहाचे अंतर कळते. प्रकाश एका मायक्रोसेकंदात ३०० मीटर जातो, तेव्हा घड्याळातली मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे जागेतली ३०० मीटरची चूक.

हातातल्या संचात अणुघड्याळ नसते. त्यात मनगटी घड्याळाच्या जातीचा एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्यामुळे अक्षांश, रेखांश आणि उंची यांच्याबरोबर 'आत्ता नेमके किती वाजले' हीदेखील अज्ञात राशी ठरते. चार अज्ञातांसाठी चार समीकरणे हवीत, म्हणून चार उपग्रह हवेत. समीकरणांची संख्या आणि अज्ञातांची संख्या यांचा संबंध शिकवताना याहून चांगले उदाहरण आम्हाला तरी सापडलेले नाही. पहिला उपग्रह २२ फेब्रुवारी १९७८ रोजी सोडला गेला. व्यवस्था पूर्ण क्षमतेने चालू झाल्याचे १९९५ साली जाहीर झाले.

एक विमान, आणि एक गैरसमज

१ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान अलास्काहून सोलला जाताना वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. विमान ठरल्या मार्गापासून ५०० किलोमीटरहून अधिक दूर गेले होते. त्यानंतर दोन आठवड्यांतच, जीपीएस तयार झाल्यावर नागरी विमानांना विनामूल्य वापरता येईल, असे रेगन सरकारने जाहीर केले.

'या अपघातामुळे जीपीएस सामान्यांना मिळाला' असे पुष्कळदा लिहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. नागरी वापरासाठीचा वेगळा, कमी अचूक संकेत आराखड्यात आधीपासूनच होता. १९८३ च्या घोषणेने त्याला जाहीर वचनाचे रूप दिले. आमच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्या विमानात उत्तम जडत्व-मार्गदर्शन यंत्रणा होती. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १९९३ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की स्वयंचलित वैमानिक त्या यंत्रणेला जोडला गेलाच नव्हता. तो एकाच ठरावीक दिशेला विमान नेत राहिला, आणि तो कोणत्या स्थितीत आहे हे वैमानिकांच्या ध्यानात आले नाही. म्हणजे साधन होते, चालूही होते. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

पाऊण किलो आणि सहा सेल

१९८० च्या दशकाच्या आरंभी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय ४१०० हा जीपीएस संच विकला जाई. त्याचे वजन साधारण २४ किलो आणि किंमत लाख डॉलरच्या वर. तो सर्वेक्षकांसाठी होता. १९८९ साली कॅलिफोर्नियातील मॅगेलन कंपनीने 'नॅव्ह १०००' बाजारात आणला. हातात धरायचा, सामान्य गिऱ्हाइकाला विकत मिळणारा हा पहिला संच. वजन पाऊण किलोच्या आसपास, किंमत सुमारे तीन हजार डॉलर. सहा पेन्सिल सेलांवर तो काही तास चाले. मुख्य गिऱ्हाईक होते शिडाच्या होड्यांचे मालक. त्याच वर्षी कॅन्सस राज्यात गॅरी बरेल आणि मिन काओ यांनी जी कंपनी काढली, तीच पुढे गार्मिन म्हणून प्रसिद्ध झाली.

नॅव्ह १००० ला चॅनल एकच होता. तो एका उपग्रहाचे ऐके, मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे, आणि पुन्हा पहिल्याकडे येई. वर्गात चार मुले एकदम बोलत असताना आपण एकेकाचे म्हणणे ऐकावे तसा हा प्रकार. लाटांवर होडी डोलू लागली किंवा वाटेत झाड आले की क्रम बिघडे. शिवाय आकाशात उपग्रहच कमी होते. दिवसातले काही तासच चार उपग्रह एकाच वेळी क्षितिजाच्या वर असत, त्यामुळे संच विकत घेणारा माणूस वेळापत्रकही जवळ बाळगे.

माहितीपत्रकातली चॅनलांची ओळ इथून आली. १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर बारा चॅनलांचे संच सर्रास मिळू लागले आणि एकाच वेळी सगळ्यांचे ऐकता येऊ लागले. बाराच का? कारण मोकळ्या मैदानातूनही जीपीएसचे साधारण तेवढेच उपग्रह एका वेळी दिसतात. आज शंभराच्या घरातले आकडे छापलेले आढळतात. रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ आणि चीनचा बैदू यांचेही संकेत ऐकण्यासाठी त्यांतले काही उपयोगी पडतात. पण शंभराऐवजी दीडशे चॅनल आहेत म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

मुद्दाम घातलेली चूक

नागरी संकेत अपेक्षेपेक्षा फारच अचूक निघाला, याची अमेरिकी संरक्षण खात्याला काळजी वाटली. २५ मार्च १९९० पासून उपग्रहांच्या घड्याळांत मुद्दाम थरथर मिसळली जाऊ लागली. या योजनेचे नाव 'सिलेक्टिव्ह अव्हेलेबिलिटी'. तिच्यामुळे नागरी संच शंभर मीटरपर्यंत चुकत, आणि चूक मिनिटामिनिटाला बदलत राही.

काही महिन्यांतच आखाती युद्धाची तयारी सुरू झाली. वाळवंटात खुणेला ना झाड ना टेकडी. लष्करी संच पुरेसे नव्हते, म्हणून नागरी संच हजारांनी विकत घेतले गेले. कित्येक सैनिकांनी तर घरून मागवले. आता आपणच मिसळलेली चूक आपल्याच सैनिकांना नडणार, हे पाहून ऑगस्ट १९९० मध्ये ती काढून टाकण्यात आली. १ जुलै १९९१ रोजी ती पुन्हा घातली. पुढे याहून गमतीची गोष्ट घडली. त्याच सरकारच्या तटरक्षक दलाने किनाऱ्यावर रेडिओ केंद्रे उभारली आणि आपली पक्की माहीत असलेली जागा व जीपीएसने दाखवलेली जागा यांतला फरक जहाजांना कळवायला सुरुवात केली. एक खाते चूक घालत होते, दुसरे काढत होते, आणि खर्च दोन्हींचा होत होता. १ मे २००० च्या रात्री ही मुद्दामची चूक कायमची बंद झाली.

शिक्षकांसाठी या प्रकरणात एक चांगला धडा आहे. त्या दहा वर्षांतही संचाच्या पडद्यावर अक्षांश मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिसत असे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे १८५२ मीटर. त्याचा हजारावा भाग १.८५ मीटर. प्रत्यक्षात चूक शंभर मीटरची! शेवटचे दोन अंक निव्वळ शोभेचे होते. सार्थ अंक शिकवताना आपण जे जीव तोडून सांगतो, ते इथे तीन हजार डॉलरच्या यंत्रालाही लागू पडत होते.

आजचा संच मोकळ्या आकाशाखाली पाच-दहा मीटरच्या आत जागा सांगतो. पण हा आकडा सरासरीचा आहे. शाळेच्या मैदानात संच एका दगडावर ठेवून दर दहा मिनिटांनी आकडे टिपायला मुलांना सांगावे. दिवसभराचे ठिपके आलेखाच्या कागदावर मांडले की एक पुंजका तयार होतो. मग संच इमारतीच्या भिंतीला टेकवून हाच प्रयोग पुन्हा करावा. भिंतीवरून परावर्तित होऊन आलेला संकेत जास्त अंतर तोडून येतो आणि पुंजका पसरतो. उंचीचा आकडा आडव्या स्थानापेक्षा नेहमीच जास्त हेलकावे खातो, कारण सगळे उपग्रह आपल्या वरच्या बाजूलाच असतात. जमिनीखालून तपासायला कोणी नसते. डोंगरासाठी संच घेताना हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक आत आहे का, हे विचारायचे ते यासाठी.

एव्हरेस्टसाहेबांची पृथ्वी

संच अचूक असला तरी नकाशाशी त्याचे जुळले पाहिजे. १८०२ साली मद्रासजवळ विल्यम लँबटनने भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली आणि जॉर्ज एव्हरेस्टने ती उत्तरेकडे नेली. पृथ्वी पूर्ण गोल नाही. पण ती नेमकी किती चपटी, याचे उत्तर तेव्हा उपलब्ध मोजण्यांतूनच काढावे लागे. एव्हरेस्टने १८३० मध्ये जे लंबगोल निश्चित केले, त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर होती. जीपीएस ज्या डब्ल्यूजीएस ८४ या मानकावर चालतो, त्यात ती ६३,७८,१३७ मीटर आहे. फरक सुमारे ८६० मीटरचा. शिवाय एव्हरेस्टचे लंबगोल मध्य भारतातील कल्याणपूर या आरंभबिंदूशी जुळवून बसवलेले असल्याने त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नाही. यात एव्हरेस्टची चूक शोधू नये. भारतापुरते ते लंबगोल छान बसले होते, आणि तेवढ्यासाठीच ते हवे होते.

अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी आधी अशी एक मानलेली पृथ्वी घ्यावी लागते. तिलाच सर्वेक्षक डेटम म्हणतात. डेटम बदलला की त्याच दगडाचे अक्षांश-रेखांश बदलतात. महाराष्ट्रात एव्हरेस्टच्या आणि जीपीएसच्या आकड्यांत साधारण शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एव्हरेस्टच्या पृथ्वीवर आखलेले आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर जनतेसाठी काढलेल्या नकाशांना डब्ल्यूजीएस ८४ चा आधार आहे. शाळेच्या कपाटातला जुना नकाशा काढून त्यावर संचाचा आकडा सरळ उतरवला, तर गावठाणात फार बिघडणार नाही. हरिश्चंद्रगडावर धुक्यात कोकणकड्याच्या बाजूला चालत असाल, तर शंभर मीटर म्हणजे काय हे सांगायला नको.

समुद्रावर हीच गोष्ट आणखी गंभीर होते. ब्रिटिश नौदलाच्या जुन्या नकाशांवर 'उपग्रहावरून काढलेले स्थान इतके मिनिट अमुक दिशेला सरकवून मग नकाशावर मांडा' अशी टीप छापलेली असते. काही नकाशांवर तर हा फरक ठरवता आलेला नाही, असेच लिहिलेले असते. एकोणिसाव्या शतकात सूर्य-ताऱ्यांवरून ज्यांची जागा ठरवली, अशी प्रशांत महासागरातील काही बेटे नकाशावर मैलभर बाजूला आहेत. ज्या काळात जहाजाचे स्वतःचे स्थानच मैल-दोन मैलांनी चुके, त्या काळात हे कुणाला कळलेही नाही. जीपीएस आला आणि नकाशा चुकीचा ठरला.

म्हणून संचात डेटमची यादी हवी, तीत भारतीय डेटम हवा, आणि तो सहज बदलता यायला हवा. एका जागी उभे राहून मुलांना तो बदलायला लावावा. पाय जागचे हलत नाहीत आणि आकडे मात्र बदलतात, हे पाहून मुले जे प्रश्न विचारतात ते ऐकण्यासारखे असतात.

चौतीस तास

आता त्या न छापलेल्या ओळीकडे येऊ. ९ जून १९९५ रोजी दुपारी 'रॉयल मॅजेस्टी' हे प्रवासी जहाज बर्म्युडातील सेंट जॉर्जेसहून बॉस्टनला निघाले. जहाजावर १५०९ माणसे होती. बंदर सोडून तास होतो न होतो तोच जीपीएसच्या अँटेनाची तार तिच्या जोडापासून सुटली. संचाला उपग्रहांचे संकेत मिळेनासे झाले. त्याने क्षणभर बारीकसा आवाज केला आणि आपणहून दुसऱ्या पद्धतीने काम सुरू केले : शेवटची माहीत असलेली जागा घ्यायची, त्यात होकायंत्राची दिशा आणि जहाजाचा वेग मिळवत जायचे आणि नवी जागा दाखवत राहायचे. आपले जुने तांडेल डोक्यात करत तोच हा हिशेब. यात वारा आणि प्रवाह जहाजाला बाजूला रेटतात ते धरलेले नसते. पडद्याच्या कोपऱ्यात हा बदल सांगणारी दोन बारीक अक्षरे उमटली. मोठ्या अक्षरांतले अक्षांश-रेखांश मात्र पूर्वीसारखेच ऐटीत बदलत राहिले.

चौतीस तास हे चालले. पाळ्या बदलल्या, नवे अधिकारी आले. प्रत्येकाने दर तासाला जागा तपासली. कशाशी? स्वयंचलित सुकाणूच्या पडद्याशी. आणि त्या सुकाणूला जागा सांगत होता हाच जीपीएस! दोन्ही आकडे जुळले, जुळणारच होते. किनाऱ्यावरच्या केंद्रांवर चालणारी लोरान ही वेगळी यंत्रणा जहाजावर होती. तिच्याशी कोणी ताडून पाहिले नाही. वाटेत जो बोया लागायला हवा होता त्या सुमारास रडारवर एक बोया दिसला, तोच तो असे मानले गेले. प्रत्यक्षात तो मैलोगणती पश्चिमेकडचा, बुडालेल्या जहाजाची जागा दाखवणारा दुसराच बोया होता. १० जूनच्या रात्री सव्वादहानंतर जहाज नँटुकेट बेटाच्या पूर्वेला सुमारे दहा मैलांवर 'रोझ अँड क्राउन' नावाच्या वाळूच्या दांड्यावर चढले. ते मार्गापासून १७ मैल दूर होते. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. दुरुस्ती आणि बुडालेले उत्पन्न मिळून सुमारे ७० लाख डॉलरचा फटका बसला.

बारा वर्षांपूर्वीच्या कोरियन विमानाची आठवण इथे येते. यंत्र एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत गेले, किंवा जायचे राहिले, आणि माणसांना दिसत राहिला तो नेहमीचाच शांत पडदा.

हातातल्या संचांतही हा दोष असू शकतो. संकेत तुटल्यावर काही संच थोडा वेळ मागच्या वेगाने आणि दिशेने आकडा पुढे सरकवत राहतात. काही शेवटचा आकडा तसाच धरून ठेवतात. काही चटकन 'उपग्रह नाहीत' असे मोठ्या अक्षरांत सांगतात. घळीत उतरताना किंवा ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी हा फरक जिवाचा ठरू शकतो. माहितीपत्रकात तो सापडत नाही, पण दुकानाबाहेर पाच मिनिटांत तपासता येतो. संच मोकळ्यावर चालू करावा, जागा मिळू द्यावी, हातात धरून थोडे चालावे, आणि चालता चालता तो स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावावे. मिनिटभराने झाकण उघडल्या क्षणी पडदा काय म्हणतो ते पाहावे. उपग्रहापासून इथवर येणारा संकेत इतका क्षीण असतो की डब्याचे झाकण त्याला पुरते. आमच्या मते इतर सर्व रकान्यांत बरोबरी असलेल्या दोन संचांतून निवड करायची, तर ती या चाचणीवर करावी. घेतल्यावरही नकाशा, होकायंत्र किंवा डोळ्यांना दिसणारी खूण, म्हणजे ज्याचा जीपीएसशी संबंध नाही असे काहीतरी, ताडून पाहायला जवळ हवेच.

सेक्स्टंटने छोट्या होडीतून मैल-दोन मैलांपर्यंतच जागा कळते, पण वापरणाऱ्याला ते ठाऊक असते आणि तो खडकापासून तेवढे अंतर राखून जातो. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी कुठेही न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती अशीच. त्यांची 'सुहेली' ही होडी मुंबईत बांधलेली होती. त्या स्पर्धेची आठवण म्हणून २०१८ साली झालेल्या गोल्डन ग्लोब शर्यतीत साधने १९६८ चीच वापरायची असा नियम होता. जीपीएस मोहोरबंद पेटीत, केवळ संकटासाठी. आपल्या नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'वर होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. होडीवरचे यंत्र तिची जागा किनाऱ्यावरच्या आयोजकांना उपग्रहामार्फत कळवत होते, त्यामुळे विमानांना ती सापडली. २४ तारखेला फ्रान्सच्या 'ओसिरिस' या गस्ती जहाजाने त्यांना उचलले.

उरलेल्या ओळी

बाकीच्या गोष्टी थोडक्यात उरकता येतील. अँटेना दोन जातींच्या असतात. चपटी चौकोनी अँटेना संच आडवा धरल्यावर उत्तम चालते. गुंडाळलेल्या तारांची अँटेना, जी संचाच्या डोक्यावर बोटासारखी वर येते, ती उभा धरल्यावर. दाट झाडीसाठी आणि खांद्याच्या पट्ट्याला अडकवून चालण्यासाठी दुसरी बरी. होडीसाठी संच पाण्यात तरंगतो का, हे विचारावे. पाण्याने बिघडत नाही पण बुडतो, असा संच नाखव्याच्या काय कामाचा? सेल बदलता येणारे असावेत. चार दिवसांच्या भटकंतीत पेन्सिल सेल गावातल्या दुकानात मिळतात. दिशा दाखवणारा बाण चुंबकीय होकायंत्राचा आहे की नुसत्या जीपीएसचा, हेही पाहावे. नुसत्या जीपीएसला आपण चालू लागल्याशिवाय तोंड कुठे आहे ते कळत नाही.

मोबाइल आहेच, मग वेगळा संच कशाला, असे मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. मोबाइल उपग्रहांची वेळापत्रके इंटरनेटवरून क्षणात उतरवून घेतो. उपग्रह मात्र ही माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगाने पाठवतो. एका उपग्रहाच्या स्वतःच्या कक्षेचा तपशील मिळायला सुमारे अर्धे मिनिट लागते, सगळ्यांचे वेळापत्रक मिळायला साडेबारा मिनिटे. रेंज नसलेल्या दरीत बंद मोबाइल चालू केला की तो कधीकधी इतका वेळ का घेतो, याचे उत्तर यात आहे. ओल्या बोटांनी त्याचा पडदा चालत नाही, हे होडीवाल्यांना सांगायला नको.

आपल्या देशापुरती एक बाब सांगायला हवी. भारतावरून पृथ्वीच्या आयनांबराचा जो पट्टा जातो तो फार दाट आणि चंचल आहे. त्यातून येताना संकेत रेंगाळतो. दोन वेगवेगळ्या वारंवारता ऐकणारा संच या रेंगाळण्याचा हिशेब स्वतःच मांडू शकतो, म्हणून तो इथे जास्त उपयोगी. विमानांसाठी उभारलेली आपली 'गगन' व्यवस्थाही ही दुरुस्ती पुरवते. आपल्या 'नाविक' उपग्रहांचे संकेत आरंभी वेगळ्या पट्ट्यांत होते, त्यामुळे साध्या संचांना ते ऐकू येत नसत. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून जीपीएसच्या ओळखीच्या पट्ट्यातही संकेत देण्याची सुरुवात झाली. आणखी एक. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे संच आकर्षक असले तरी दूरसंचार विभागाच्या परवानगीवाचून ते भारतात बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर असे संच सापडल्याने परदेशी प्रवाशांना पोलिसांना तोंड द्यावे लागले आहे.

शेवटी जुन्या संचांबद्दल. जीपीएसचे घड्याळ ६ जानेवारी १९८० पासून आठवडे मोजते आणि हा आकडा दहा बिटांत पाठवते. दहा बिटांत १०२४ आठवडे मावतात, म्हणजे सुमारे १९.६ वर्षे, मग मोजणी पुन्हा शून्यावर येते. पहिली फेरी २१ ऑगस्ट १९९९ च्या मध्यरात्री संपली, दुसरी ६ एप्रिल २०१९ च्या. ज्या संचांच्या प्रणालीत याची सोय नाही, ते आजही तारीख १०२४ आठवडे मागची दाखवतात, आणि तारखेवर अवलंबून असलेले सूर्योदय, भरती-ओहोटी हे सगळे त्यामागोमाग चुकते. माजी विद्यार्थ्याने शाळेला जुना संच भेट दिला, तर आधी त्याची तारीख पाहावी. तिसरी फेरी नोव्हेंबर २०३८ मध्ये संपेल.